गॅमा किरणांनी घडणारे अतिसूक्ष्म पोकळ गोलक

भरीव वस्तू घडविण्यापेक्षा पोकळ वस्तू घडविणे अवघड असते, हे कोणताही ओतारी सांगू शकेल. मूर्तीचा आकार तो प्रथम मेणात घडवितो, मेणावर बारीक मातीचे लेप देतो आणि लेप वाळले की भट्टीच्या उष्णतेने मेण वितळवून छिद्रावाटे काढून टाकतो. मेण गेले की त्याच्या आकाराची पोकळी मातीत उरते व तीत धातूचा रस ओतला जातो. या साऱ्या खटाटोपात मेणाचे काम एवढेच की, काही काळ जागा अडवून धरावयाची आणि वेळ आली की निमूटपणे निघून जावयाचे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी हीच युक्ती साध्या सूक्ष्मदर्शकातूनही धडपणे न दिसणाऱ्या वस्तूंसाठी वापरली आहे. मेणाच्या जागी तेथे प्लास्टिकचा गोल असतो. मातीच्या लेपाच्या जागी अर्धसंवाहक पदार्थाचे कण असतात. आणि हे कण घडविण्याचे काम काही प्रयोगशाळांत भट्टी किंवा शेगडी नव्हे, तर कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूपासून निघणारे गॅमा किरण करतात.

या वस्तूंचे माप नॅनोमीटरमध्ये सांगितले जाते. एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते. येथे ज्या गोलकांचा विचार करावयाचा आहे, त्यांचा व्यास दोनशे ते पाचशे नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि त्यांची भिंत त्याहूनही कितीतरी पातळ असते.

पोकळीचा उपयोग काय?

एवढ्या लहान गोलकाला पुन्हा पोकळ करण्याचा हव्यास कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात सापडते. ३०० नॅनोमीटर व्यासाचा एक गोलक घेतला आणि त्याची भिंत २० नॅनोमीटर जाडीची आहे असे मानले, तर त्याच्या एकूण घनफळापैकी सुमारे ६५ टक्के भाग रिकामा असतो. म्हणजे जेवढ्या पदार्थात एक भरीव गोलक होतो, तेवढ्यात जवळजवळ तीन पोकळ गोलक होतात. शिवाय भिंत सच्छिद्र असेल तर आतला पृष्ठभागही कामास येतो. वजन कमी झाल्याने असा गोलक पाण्यात लवकर तळाशी बसत नाही. आत शिरलेला प्रकाश भिंतींवरून पुनःपुन्हा परावर्तित होतो व त्याचा अधिक भाग शोषला जातो. पोकळीत औषध किंवा रंगद्रव्य साठविता येईल काय, हेही तपासले जात आहे.

यांतील प्रकाश शोषण्याचा गुण अर्धसंवाहकांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. तांब्यातून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. अर्धसंवाहक या दोहोंच्या मध्ये असतात. त्यांच्यातील इलेक्ट्रॉन एरवी अणूंच्या बंधांत अडकलेले असतात. पुरेशी ऊर्जा मिळाली की ते सुटून फिरू लागतात आणि त्यांच्या मागे धन भाराची एक रिक्त जागा राहते. ही ऊर्जा प्रकाशापासूनही मिळू शकते. कॅडमियम सल्फाइड या पिवळ्या अर्धसंवाहकात त्यासाठी सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा लागते आणि ती निळ्या प्रकाशात असते. निळा प्रकाश शोषला गेला म्हणूनच तो पदार्थ पिवळा दिसतो. चित्रकारांच्या पेटीतील ‘कॅडमियम यलो’ तो हाच.

सुटा झालेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिक्त जागा पृष्ठभागापर्यंत पोहोचू शकली, तर तेथे लागून असलेल्या पाण्यात रासायनिक क्रिया घडवून आणता येते. सांडपाण्यातील रंगांचे रेणू तोडणे ही त्यांतील एक क्रिया होय. परंतु भरीव कणाच्या पोटात सुटलेला इलेक्ट्रॉन पृष्ठभाग गाठण्यापूर्वीच बहुधा पुन्हा रिक्त जागेत पडतो व सारा खटाटोप वाया जातो. पातळ भिंतीत हा प्रवास थोडक्यात आटोपतो. भिंत ज्या कणांची बनते ते कण साधारण ६ नॅनोमीटरपेक्षाही लहान झाले, तर आणखी एक नवल घडते. कॅडमियम सल्फाइडचा पिवळा रंग फिका होत जातो, कारण एवढ्या चिमुकल्या जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला सुटण्यासाठी अधिक ऊर्जा लागते. आकार बदलला की रंग बदलतो, ही गोष्ट १९८०च्या सुमारास अलेक्सेई येकिमोव्ह यांनी काचेतील कणांत आणि लुई ब्रुस यांनी द्रवातील कणांत स्वतंत्रपणे दाखवून दिली. या दोघांना मौंगी बावेंडी यांच्यासह २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

थर्माकोलचा धाकटा भाऊ

साच्यासाठी बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन हे बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर, निवडले जाते. वाचकांना ते थर्माकोलच्या रूपात परिचयाचे आहे. थर्माकोल म्हणजे हवेने फुगविलेले पॉलिस्टायरीनच. स्टायरीन या द्रवाचे पाण्यात पायस करून त्याचे बहुवारिकीकरण केले की दुधासारखा पांढरा द्रव मिळतो. त्यात एकसारख्या आकाराचे कोट्यवधी गोल तरंगत असतात. एकसारखेपणा हा या गोलांचा मोठा गुण. साचे सारखे असले की त्यांवरून घडणाऱ्या वस्तूही सारख्या निघतात.

साचा काढून टाकण्याच्या दृष्टीनेही हे बहुवारिक सोयीचे आहे. थर्माकोलवर पेट्रोल सांडले की तो पाहता पाहता बसतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. प्रयोगशाळेत पेट्रोलऐवजी टोल्युईन किंवा टेट्राहायड्रोफ्यूरान हे विद्रावक वापरतात. भिंतीच्या कणांमधील फटींतून विद्रावक आत शिरतो, पॉलिस्टायरीन विरघळते आणि त्याच वाटेने बाहेर पडते.

या पद्धतीचे एक गाजलेले उदाहरण १९९८ चे आहे. फ्रँक करूसो, रेचेल करूसो आणि हेल्मुट म्योवाल्ड या जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ६४० नॅनोमीटर व्यासाचे पॉलिस्टायरीन गोल घेतले. त्यांवर विरुद्ध विद्युत् भाराचे थर आळीपाळीने चढवून सिलिकेचे कण बसविले व अखेर सुमारे ५०० अंश सेल्सियस तपमानाला प्लास्टिक जाळून टाकले. मागे सिलिकेचे पोकळ गोलक उरले. रीत उत्तम होती, पण वेळखाऊ होती. प्रत्येक थरानंतर गोल धुवावे लागत, गाळावे लागत, पुन्हा नव्या द्रावात घालावे लागत. शिवाय जे सिलिकेला मानवते ते कॅडमियम सल्फाइडला मानवत नाही. हवेत एवढे तापविले तर त्यातील गंधक जळू लागते आणि सल्फाइड राहतच नाही.

मग कॅडमियमच्या क्षाराचा आणि सोडियम सल्फाइडचा विद्राव गोलांच्या सान्निध्यात सरळ एकत्र का करू नये? तसे केल्यास क्षणार्धात पिवळा साका पडतो, परंतु तो गोलांवर बसण्याऐवजी साऱ्या भांड्यात गोळ्यांच्या रूपाने पडतो. गंधकाचा पुरवठा हळूहळू, सर्वत्र सारखा आणि पाहिजे तेव्हा थांबविता येईल असा हवा. उष्णतेने हळूहळू गंधक सोडणारी संयुगे आहेत, पण तपमान १०० अंशांकडे जाऊ लागले की पॉलिस्टायरीन मऊ पडते आणि साच्याचाच आकार बिघडतो. गॅमा किरणांचे महत्त्व येथे कळून येते.

किरण पाण्यात काय करतात?

गॅमा किरण विद्रावात शिरले की त्यांचा आघात मुख्यतः पाण्यावर होतो, कारण भांड्यात पाणीच सर्वांत अधिक असते. पाण्याचे रेणू फुटतात आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. असा इलेक्ट्रॉन पाण्याच्या रेणूंचे कडे भोवती जमवून अत्यल्प काळ टिकतो. या जलवेष्टित इलेक्ट्रॉनचे अस्तित्व १९६२ मध्ये एडविन हार्ट आणि जॉन बोग यांनी प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध केले. क्षपण घडवून आणणारा इतका प्रबळ कारक रसायनशास्त्रात क्वचितच आढळतो. विद्रावात मर्काप्टोइथेनॉलसारखे गंधकयुक्त संयुग असल्यास हा इलेक्ट्रॉन त्याच्यातील गंधकाचा बंध तोडतो. सुटलेले गंधक जवळच्या कॅडमियमशी संयोग पावते आणि कॅडमियम सल्फाइडचा सूक्ष्म कण तयार होऊ लागतो.

हा कण गोलावरच बसावा यासाठी साच्याची आधी तयारी करावी लागते. स्टायरीनबरोबर थोडे मेथाक्रिलिक आम्ल मिसळून गोल केले, तर त्यांच्या पृष्ठभागावर ऋण भाराचे आम्लगट येतात. धन भाराचे कॅडमियम त्यांच्याकडे आपोआप ओढले जाऊन तेथे दाटी करते. म्हणजे गंधक सुटण्यापूर्वीच कॅडमियम जागेवर हजर असते.

पाणी फुटताना इलेक्ट्रॉनबरोबर हायड्रॉक्सिल हा उलट स्वभावाचा, ऑक्सिडीकरण करणारा घटकही निर्माण होतो. त्याला आवर घातला नाही तर एका हाताने घडविलेले दुसऱ्या हाताने मोडावे तसे होईल. त्यासाठी विद्रावात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. ते हायड्रॉक्सिलला गिळून टाकते. हवेतील ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पळवितो, म्हणून विद्रावातून आधी नायट्रोजन वायूचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन हाकलून दिला जातो. पॉलिस्टायरीनवर किरणांचा काय परिणाम होतो, हेही पाहावे लागते. सुदैवाने त्याच्या रेणूतील बेंझीन वलये किरणांची बरीच ऊर्जा पचवितात. त्यामुळे एवढ्या मात्रेनंतरही ते विद्रावकात विरघळण्याजोगे राहते.

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की ती एक ग्रे मात्रा झाली. आता १० हजार ग्रे, म्हणजे १० किलोग्रे मात्रा एक लिटर पाण्याला दिली, तर त्या साऱ्या ऊर्जेने पाण्याचे तपमान जेमतेम २.४ अंशांनी वाढेल. अंघोळीचे पाणी कोमट करण्यासही ही ऊर्जा पुरणार नाही. पण ती विखुरलेल्या उष्णतेच्या रूपाने येत नाही. कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि असा एकेक किरण हजारो रेणू फोडू शकतो. म्हणूनच साच्याला धक्का न लावता, साध्या तपमानाला हे काम होते. किरण विद्रावात खोलवर शिरत असल्याने भांड्याच्या काठाशी आणि मध्यभागी सारखीच क्रिया चालते. आणि भांडे किरणांपासून दूर केले की क्रिया थांबते.

लासलगावचा कांदा आणि प्रयोगशाळेतील गोलक

कोबाल्ट-६० हे महाराष्ट्राला नवीन नाही. तुर्भे येथील ‘आयसोमेड’ हा वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणाचा प्रकल्प १९७४ मध्ये सुरू झाला. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे कांद्यावर किरणप्रक्रिया करणारे ‘कृषक’ हे केंद्र २००२ मध्ये उभे राहिले व २००७ मध्ये तेथे प्रक्रिया केलेला आंबा अमेरिकेस रवाना झाला. कांद्याचे मोड रोखण्यास ६० ते ९० ग्रे एवढी अल्प मात्रा पुरते, आंब्याला ४०० ग्रे लागते, तर निर्जंतुकीकरणासाठी २५ किलोग्रे द्यावी लागते. नॅनोगोलकांच्या प्रयोगांत लागणारी मात्रा किलोग्रेमध्येच मोजावी लागते. म्हणजे ती कांद्यापेक्षा निर्जंतुकीकरणाच्या जातीची असते. या किरणांनी कांदा जसा किरणोत्सर्गी होत नाही, तसेच गोलकही होत नाहीत. त्यासाठी लागणारी ऊर्जा कोबाल्टच्या किरणांत नसते.

कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे. त्याची शक्ती दर वर्षी सुमारे १२ टक्क्यांनी घटते. त्यामुळे गेल्या वर्षी ज्या प्रयोगास आठ तास लागले, त्याच प्रयोगास यंदा नऊ तासांहून अधिक वेळ द्यावा लागतो. प्रयोगवहीत मात्रेबरोबर तारीख लिहिण्याची शिस्त यासाठीच पाळली जाते.

साचा वेगळा करणे, त्यावर कण बसविणे आणि मग तो विरघळविणे या तीन पायऱ्यांऐवजी एकाच पायरीत काम उरकता येईल काय, याचा शोध चीनमधील हफेई येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात घेण्यात आला. तेथील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्टायरीनचे अतिसूक्ष्म थेंब असलेल्या पायसावर गॅमा किरण सोडले. किरणांनी एकाच वेळी दोन कामे केली. स्टायरीनचे पॉलिस्टायरीन झाले आणि थेंबाच्या सीमेवर कॅडमियम सल्फाइडचे कण जन्मास आले. दोन्ही पदार्थ सीमेवरच एकत्र घडल्याने भिंत उभी राहिली आणि मध्ये पोकळी राहिली. या गोलकांचा व्यास २४० ते ५०० नॅनोमीटर भरला. त्यांची भिंत सच्छिद्र असून तीत पॉलिस्टायरीन व सल्फाइडचे कण एकमेकांत मिसळलेले आढळले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ गोलक ओळखता येतो तो त्याच्या गडद कड्यावरून व फिकट मध्यभागावरून. वाळविताना काही गोलक चेपतात, फुटतात. संशोधकाला त्याचे वाईट वाटत नाही, कारण फुटलेला गोलक हा पोकळीचा सर्वांत सरळ पुरावा होय. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातही इलेक्ट्रॉनांच्या शलाकेने कॅडमियम सेलेनाइडचे नॅनोकण घडविण्याचे प्रयोग झाले आहेत. शलाका वेगळी असली तरी पाण्यात घडणारी क्रिया त्याच जातीची आहे.

येथपर्यंतचे वर्णन वाचून हे गोलक पोत्यांनी तयार करता येतील, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर केलेला बरा. १० किलोग्रे मात्रेने एक लिटर पाण्यात जेवढे जलवेष्टित इलेक्ट्रॉन निर्माण होतात, त्यांतील प्रत्येकाने आपले काम चोख बजावले तरी लिटरमागे एक ग्रॅमदेखील कॅडमियम सल्फाइड पदरात पडत नाही. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळते. संशोधनाला हे पुरेसे आहे, गिरणीच्या सांडपाण्याला नाही.

कॅडमियमचा प्रश्न

उत्पादनाचा प्रश्न यंत्रे मोठी केल्याने कदाचित सुटेल. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे व तो पदार्थाच्या अंगचाच आहे. कॅडमियम हे विषारी आहे. ते मूत्रपिंडात साचते आणि हाडे ठिसूळ करते. जपानमध्ये तोयामा प्रांतातील जिंझू नदीत खाणीतून कॅडमियम उतरले, नदीचे पाणी भातशेतीत गेले आणि त्या तांदळावर जगणाऱ्या लोकांना असह्य हाडदुखीच्या विकाराने ग्रासले. रुग्णांच्या कण्हण्यावरूनच त्या रोगाला ‘इताई-इताई’ असे नाव पडले. हा रोग कॅडमियमच्या प्रदूषणामुळे होतो, हे जपानच्या शासनाने १९६८ मध्ये अधिकृतपणे मान्य केले.

कॅडमियम सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मग भीती कशाची, असे म्हटले जाते. अंधारात ठेवलेल्या सल्फाइडपुरते ते खरेही आहे. परंतु ज्या प्रकाशाने हा पदार्थ कामाला लागतो, तोच प्रकाश त्याला झिजवितो. इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन भाराची रिक्त जागा पाण्यातील रंगावर क्रिया करण्याऐवजी भिंतीतील गंधकावरच क्रिया करते आणि मोकळे झालेले कॅडमियम पाण्यात उतरते. बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेतील अर्निम हेंगलाइन यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभीच प्रकाशामुळे होणाऱ्या या झिजेचा अभ्यास केला होता. प्रारण-रसायनशास्त्र आणि अर्धसंवाहकांचे सूक्ष्म कण या दोन्ही विषयांतील ते अग्रणी होते. पोकळ गोलकाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून तो काम अधिक करतो. त्याच कारणाने तो झिजतोही अधिक, ही गोष्ट पोकळीचे गुणगान करताना पुष्कळदा मागे पडते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कॅडमियमचे प्रमाण लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. समजा, एक लिटर रंगीत पाणी स्वच्छ करण्यासाठी अर्धा ग्रॅम कॅडमियम सल्फाइडचे गोलक वापरले. त्यांत सुमारे ३८९ मिलिग्रॅम कॅडमियम असते. त्याच्या १ लाख ३० हजार भागांपैकी फक्त एक भाग पाण्यात उतरला, तरी ही मर्यादा गाठली जाते. इचलकरंजी किंवा सोलापूरसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावी असा उपाय कोणी सुचविलाच, तर रंग किती गेला याबरोबरच कॅडमियम किती आले, हे विचारण्याचा अधिकार तेथील नागरिकांना राहील.

म्हणून अनेक प्रयोगशाळा याच पद्धतीने दुसरे पदार्थ घडवू पाहत आहेत. जस्ताचे सल्फाइड त्या मानाने निरुपद्रवी आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या नॅनोकणांवर, तसेच गाभा आणि कवच अशा दुहेरी रचनेच्या कणांवर दीर्घकाळ संशोधन केले. परंतु जस्ताच्या सल्फाइडला इलेक्ट्रॉन सोडविण्यासाठी ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जा लागते. ती जंबुपार किरणांतच असते आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. टिटॅनियम डायऑक्साइडची अडचण थोड्याफार फरकाने हीच आहे. जस्त आणि कॅडमियम यांचे मिश्र सल्फाइड केल्यास दृश्य प्रकाश काही प्रमाणात शोषला जातो व कॅडमियमही कमी लागते, मात्र ते पूर्णपणे टळत नाही. अशा मिश्र गोलकांची परीक्षा करताना पाणी गाळून त्यात उतरलेले कॅडमियम मोजावे लागते, आणि ते एकदाच नव्हे, तर तेच गोलक पुनःपुन्हा उन्हात वापरून दर खेपेस.